मुकं अवधान

लग्न होऊन मी बारामतीला आले, तेव्हा सासरच्या गल्लीने मला आधी पानावरून ओळखलं आणि मग नावावरून. 'निमगावच्या पानमळेवाल्याची लेक' एवढीच माझी ओळख. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. राग अशासाठी की मी सातवी पास होते, माझं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. अभिमान अशासाठी की आमच्या आबांच्या पानाला खरंच तोड नव्हती. आजही कुणी माझ्यासमोर पान खाल्लं तर मी आधी पानाकडे बघते, मग माणसाकडे.

निमगाव केतकीला आमचा अर्ध्या एकराचा पानमळा होता. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत शिरलं की अंगाला गारवा लागायचा. शेवरी आणि पांगाऱ्याच्या उंच खोडांवर वेल चढलेले, दोन ओळींमधून पाटाचं पाणी चाललेलं, आणि डोक्यावर हिरवं छप्पर. चपला कडेला काढायच्या, आत आरडाओरडा करायचा नाही, बायकांनी अडचणीच्या दिवसांत पाऊल टाकायचं नाही, असे कडक नियम. आबा पानं खुडताना अंगठ्यावर पत्र्याचं धारदार नख चढवायचे आणि एकेक पान देठासकट अलगद काढायचे. देवळात ते इकडेतिकडे बघत उभे राहायचे, पण मळ्यात शिरताना न चुकता हात जोडायचे.

या आबांच्या डाव्या गालात सदा पान असायचं. पान, चुना, कात, सुपारीचं खांड आणि चिमूटभर तंबाखू. सकाळी तोंड धुतल्यावर जे गालात जायचं ते जेवणापुरतं बाहेर यायचं. झोपतानाही एक विडा गालात असायचाच. आई करवादायची, "अवं, गाल हाय का कणगी?" त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं होतं, "आपल्या मळ्याचं पान आपल्याला बाधत न्हाय." हे एकट्या आबांचं मत नव्हतं, गावातले सगळे पानमळेवाले असंच म्हणायचे. विकतचं पान खाऊन तोंड आलं तर दोष पानाचा, घरचं खाऊन आलं तर दोष चुन्याचा. असा न्याय असल्यावर घरच्या पानावर आळ येणार कुठून?

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मला सातवा महिना लागला आणि पहिलं बाळंतपण म्हणून आबा मला एस.टी.ने निमगावला घेऊन आले. थंडीचे दिवस होते. आबांनी गळ्याला उपरणं गुंडाळलं होतं, त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

आमच्याकडे पोटुशी पोरीच्या कानावर वाईट गोष्ट जाऊ द्यायची नाही, अशी पक्की रीत होती. वाईट ऐकलं की ते पोटातल्या जिवाला लागतं, असा समज. ही रीत आमची माणसं इतक्या इमानाने पाळायची की हसावं की रडावं कळू नये. मी आले त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी वारली. मला सांगितलं, ती लेकीकडे गेली. मी तिच्यासाठी बारामतीहून चहाची पुडी आणली होती, ती घेऊन मी पंधरा दिवस तिची वाट पाहिली. शेवटी आईच म्हणाली, "ती पुडी फोड आता, वास जाईल." तेव्हाही मला काही कळलं नाही. सातवी पास!

आल्यावर दोन दिवसांत एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत आली. आबा भाकरी दुधात कुस्करून खात होते आणि उजव्या बाजूनेच चावत होते. मी विचारलं तर म्हणाले, "चुन्यानं भाजलंय गं." मग एकदा उपरणं काढून तोंड धूत होते, तेव्हा डाव्या जबड्याखाली मला गाठ दिसली. सुपारीएवढी असेल.

"आबा, हे काय?"

"ह्ये व्हय? अवधान हाय. गाल सोललाय न्हवं, त्याचं."

अवधान म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, हाताला जखम झाली की काखेत येते. मी आठ वर्षांची असताना माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि जांघेत हे एवढं अवधान आलं. मी भोकाड पसरलं. गावची सुईण काही कामाने घरी आली होती. तिने गाठ चाचपली आणि म्हणाली, "ठणकतंय न्हवं? मंग भिऊ नगं. ठणकतंय म्हंजी आंग जागं हाय, आत भांडान चाललंय. मुकं अवधान तेवढं वंगाळ." दोन दिवसांनी पू निघून गेला, गाठ बसली, आणि ते बोलणं माझ्या डोक्यात कायमचं बसलं. म्हणून आबांना माझा पहिला प्रश्न हाच होता, "ठणकतं का?"

"ठणकतं की," आबा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी आबांची वैदीण झाले. दुपारी जेवणं उरकली की तव्यावर खडेमीठ गरम करायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि मळ्याच्या तोंडाशी असलेल्या छपरात जायचं. तिथे आबा ओल्या गोणपाटावर पानं मांडून बसलेले असायचे. मी त्यांच्या जबड्याखाली शेक द्यायची आणि ते दोन्ही हातांनी पानं लावत राहायचे, मोठी वेगळी, बारकी वेगळी, डागाळलेली वेगळी. मी पुरचुंडी टेकवली की "आई गं!" म्हणून तोंड वेडंवाकडं करायचे. मी म्हणायची, "पोरासारखं काय करता?" ते म्हणायचे, "तुझा हात जड हाय, सासूनं लई कुटायला लावलं वाटतं." मग दोघंही हसायचो.

लहानपणी आबा आमच्याशी फार बोलत नसत. बाप लेकरांशी गप्पा मारत बसलाय असं त्या काळी दिसायचं नाही. त्या दोन महिन्यांत मात्र त्यांनी मला किती सांगितलं! त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन नदीकाठाने नरसिंहपूरपर्यंत जायचे ते, कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकून पहिला वेल कसा लावला ते, आईला बघायला गेले तेव्हा चुकून तिच्या धाकट्या बहिणीलाच पसंत करून बसले होते ते. हुरड्याचे दिवस होते. आबा कणसं भाजून तळहातावर चोळायचे आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत घालायचे. स्वतः एकही दाणा तोंडात टाकायचे नाहीत. मला वाटायचं, लेकीवरच्या मायेने सगळे मलाच देतात. दाणा त्यांना चावतच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून त्याच दुपारी सांगेन. हे सांगताना मला लाज वाटते, पण खरं ते खरं.

माझे यजमान बारामतीला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मी त्यांना आबांच्या गाठीबद्दल कळवलं. पोस्टाची वाट कोण बघतं? पानाच्या करंड्या बारामतीच्या बाजाराला जायच्या, त्यांच्याबरोबर चिठ्ठी दिली की संध्याकाळच्या आत पोचायची. तिसऱ्या दिवशी करंडीवाल्याबरोबरच उत्तर आलं. मी ते छपरात नेलं. आबांना वाचता येत नव्हतं आणि मला माझ्या वाचण्याची हौस होती. मी खणखणीत आवाजात वाचलं: "डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे की, गाठ ठणकत असल्यास दाढेमुळे असण्याचा संभव आहे. सोबत गोळ्या पाठवीत आहे. परंतु गाठ ठणकत नसल्यास एक दिवसही न थांबता त्यांना इकडे आणावे. कदाचित मुंबईस न्यावे लागेल. तरी त्यांना नीट विचारून कळवावे."

मी शहाणीने सगळं वाचून दाखवलं आणि मग विचारलं, "आबा, नीट सांगा. ठणकतं ना?"

आबांनी हातातलं पान गोणपाटावर ठेवलं. माझ्या पोटाकडे बघितलं. "सांगितलं न्हवं तुला? ठणकतंय. दोन दिस झालं, जास्तीच ठणकतंय."

मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, "ठणकते. फार ठणकते." माझ्या मोत्यासारख्या अक्षरात.

गोळ्या संपल्या, आणखी आल्या. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली. मी शेकायला गेले की आबा आधीपेक्षा जोरात कण्हायचे, आणि मी समाधानाने म्हणायची, "चांगलंय, अंग जोरात भांडतंय." सुईण मला तपासायला दर आठवड्याला यायची. एकदा तिने जाता जाता आबांच्या जबड्याखाली दोन बोटं लावून पाहिली. मग आईकडे पाहिलं. आई चुलीपुढे जाऊन बसली. मी विचारलं, "काय झालं?" सुईण म्हणाली, "काय न्हाय. तू पाय पसरून बस."

होळी झाली. मळ्यात उतरणीचं काम निघालं. वर गेलेला वेल सोडवून खाली घ्यायचा, वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचा आणि शेंडा तेवढा पुन्हा खोडाला बांधायचा. दर वर्षी हे केलं नाही तर मळा म्हातारा होतो. आबांचा चेहरा ओढलेला दिसायचा, मला वाटलं, तो त्या घाईपायीच. उतरण निम्मी झाली असेल आणि एका भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. ऊन कलायच्या आत मुलगी झाली. आबा मळ्यातून धावत आले. हात मातीने भरलेले होते म्हणून त्यांनी तिला घेतलं नाही. उंबऱ्याशी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "नाक आईवर ग्येलंय, बरं झालं." दोन महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

बाराव्या दिवशी बारशाला हे आले. पाहुणे जेवून उठले, आणि हे पडवीत आबांशेजारी बसले. मी आतल्या खोलीत बाजेवर मुलीला घेऊन बसले होते. दार उघडं होतं, मला दोघंही दिसत होते. हे म्हणाले, "मामा, गाठ बघू बरं." आबांनी उपरणं सोडलं. ह्यांनी गाठीवर बोट ठेवलं, मग चार बोटांनी दाबली. मी आबांच्या "आई गं!"ची वाट बघत होते.

ते आलंच नाही. ह्यांनी आणखी जोरात दाबलं. आबा शांतपणे अंगणाकडे बघत होते. ह्यांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं, आणि आबांनी मान हलवली. नाही म्हणून.

बाळंतिणीने बाज सोडायची नाही, पडवीत यायचं नाही, हे सगळं मी विसरले. तशीच बाहेर गेले. "आबा! ठणकतं ना? सांगा ना ह्यांना!"

आबा म्हणाले, "न्हाय गं. कवाच न्हाय ठणकलं."

"मग रोज कण्हत होतात ते?"

"तुझं पोट हलकं व्हायचं हुतं. पैली खेप. तू चिठ्ठी वाचलीस, मुंबईला न्यावं लागंल म्हनून. म्या ग्येलो आसतो, तुझी आई माझ्यासंगट, आन् तू हितं जिवाला घोर लावून बसली आसतीस. काय वंगाळ झालं आसतं तर?"

"आणि उतरण? तिच्यासाठी नाही थांबलात?"

"उतरणीचं काय, कुनीबी क्येली आसती."

आई पदरात तोंड घालून रडत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. सुईणीला ठाऊक होतं. मला वाटतं, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त एका मला, जी रोज मिठाने शेकत होती आणि चिठ्ठ्या लिहीत होती. मी आबांना नाही नाही ते बोलले. "तुम्ही माझ्या हाताने हे करवून घेतलंत," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आबांना घेऊन निघाले, तेव्हा आबांनी दारात उभं राहून हाक मारली. बाळंतीण उंबऱ्यापर्यंत येत नाही, ही सबब मी पुढे केली आणि गेले नाही. आदल्या दिवशी पडवीत जाताना ती आठवली नव्हती.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आबांचा गाल, डाव्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. मग विजेचे शेक दिले. श्रावणात ते परत आले तेव्हा हनुवटी एका बाजूला ओढली गेली होती आणि बोलणं आम्हा घरच्यांनाच समजायचं. पानाला त्यांनी पुन्हा तोंड लावलं नाही, पण खुडायला मात्र जायचे. मी माहेरी गेले की ते माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन वेलांच्या ओळीतून हिंडायचे. ती हाताला येईल ते पान ओरबाडायची, आणि कुणाला एक पान तोडू न देणारा तो माणूस हसत उभा राहायचा. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी उलट विचारलं, "कशापायी?" आणि विषय संपवला. माघात गाठ मानेच्या दुसऱ्या बाजूला आली, आणि त्यानंतर ते दीड महिना होते.

नात्यातला एक मुलगा याच रोगाचा डॉक्टर आहे. चार वर्षांपूर्वी तो भेटायला आला, तेव्हा मी त्याला धरून बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, "आजी, मानेतल्या गाठी म्हणजे शरीराच्या चौक्या. तोंडात जखम झाली, जंतू शिरले, की तिथले शिपाई भराभर वाढतात. चौकी ताणते, म्हणून ठणकते. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरून येत नाही, ती आपल्याच घरातली असते. शिपाई सुरुवातीला तिलाही ओळखतात, कितीतरी मारूनही टाकतात. पण तंबाखू-चुन्याने रोज तीच जागा सोलत राहिली की नवनव्या बिघडलेल्या पेशी होत राहतात. त्यातली एखादी लबाड निघते. ती शिपायांना खूण करते, मी घरचीच आहे, शस्त्र खाली ठेवा. ते ठेवतात. मग ती चौकीतच मुक्कामाला येते. गाठ वाढते, पण बहुतेकदा ठणकत नाही, कारण भांडणच होत नाही." आता म्हणे अशी औषधं निघाली आहेत की ती खूण पुसली जाते आणि शिपाई पुन्हा उठतात. सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण ज्यांना पडतात ती माणसं वर्षानुवर्षं जगतात.

मी म्हटलं, "आमच्या अंगठाबहाद्दर सुईणीला यातलं अर्धं ठाऊक होतं."

तो हसला, म्हणाला, "खरंच की."

मग मी त्याला तो प्रश्न विचारला, जो मी जन्मभर बाळगून होते. दोन महिने आधी नेलं असतं तर? तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, "त्या काळात, आजी, नक्की सांगता येणार नाही. पण सुपारी आणि लिंबू यांत फरक असतो." मी त्याला आणखी खोदलं नाही. त्याला चहा केला.

माझी मुलगी आता सत्तरीकडे झुकली आहे. तिला गुडघेदुखी आहे, सुना आहेत, आणि नाक अजून माझंच आहे. आजोबांच्या खांद्यावरून हिंडल्याचं तिला काही आठवत नाही. अधूनमधून विचारते, "आई, आजोबा कशाने गं गेले?" ती लहान असताना विचारायची तेव्हा मी जे सांगितलं, तेच आजवर सांगत आले. त्यांचं वय झालं होतं.

आबा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता.